बोटातलं रक्त, शिरेतलं रक्त

आमची रसवंती मोशीला. हायवेवरनं आत वळलं की लिंबाचं झाड हाय, त्याच्याखाली. माजे मालक आदी भोसरीला फौंड्रीत व्हते. ती कंपनी बंद पडली तवा ह्येंनी ऊस पिळायचा चरक घेतला. सुरवातीला हातानं फिरवायचे, मंग मोटार बसवली. घुंगरं तेवढी तशीच ठिवली, कारन घुंगरं वाजल्याबिगर गिऱ्हाईक मान वळवत न्हाई. त्या टायमाला ऊस मोशीतच मिळायचा, इंद्रायनीच्या काठचा. आता तितं इमारती हायेत. ऊस शिरूरकडनं येतो, टेम्पोतनं.

धंद्याचा जम बसला आन् मंग मालकांना साखरेचा आजार निघाला. लोकांना हसायला एक कारन झालं. रसवाल्याला साखर झाली, म्हनायचे. आदी गोळ्या व्हत्या, पुढं सुई आली. सकाळी आन् सांजच्याला पोटाला टोचून घ्यायची. ह्ये स्वताच टोचायचे. मला म्हनायचे, "तू तिकडं बघ." मी तिकडं बघायची.

डाक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या. सुई घेतली की येळेवर खायाचं, आन् गोड तोंडाला लावायचं न्हाई. गोडाचं ह्येंनी लई कडक पाळलं. चव बघायला सुदिक रस घेत नव्हते. लिंबू-आलं बरोबर पडलंय का ह्ये मी न्हाईतर शेजारचा गॅरेजवाला मिस्त्री सांगायचा. खान्याच्या येळंचं तेवढं जमत नव्हतं. धंद्याला येळ कुठं असती.

तो मिस्त्री मुसलमान हाय, लातूरकडचा. आमच्या पोराच्या वयाचा. ह्येंची लई चेष्टा करायचा. म्हनायचा, "काका, तुमीच रस पीत नाय, तर लोकांना डाऊट येतो ना. वाटतं, काय तरी कालवलंय."

"डाऊट येऊ दे," ह्ये म्हनायचे. "गिऱ्हाईक येतंय न्हवं?"

"येतंय. पन मला इचारून पितंय. मी त्यांना सांगतो, मी रोज पितो, बघा, जिवंत हाय."

खरं सांगायचं तर मला बी पुरं ठाऊक नव्हतं. सकाळची मी घरी असायची, दुपारचा डबा घिऊन जायची. मधल्या टायमाला मानूस रसाच्या भांड्यापाशी एकटा उभा. उनाचं तोंड सुकतं. पोरगा तर उघड म्हनायचा, "आई, आण्णा गुपचूप मारत असनार एखादा ग्लास. नायतर शुगर एवढी वर-खाली कशी होती?"  मला काय म्हाईत.

ते उनाळ्याचे दिस व्हते, लगीनसराई. जवळच मंगल कार्यालय हाय. तितनं सकाळीच सांगावा आला, वऱ्हाडाला रस पायजे, पिंप भरून. मालकांनी घरी सुई घेतली आन् न्याहारीचा डबा हातात घिऊन निघाले. न्याहारी रोज रसवंतीवरच करायचे, तसंच चालत आलं व्हतं. मी म्हनलं, "खाऊन जावा की." म्हनाले, "तितं खातो, टेम्पो आलाय." आन् गेले.

मी दुपारच्याला गेले तर डबा खिळ्याला तसाच टांगलेला. मी हलवून बघितला. जड व्हता.

मालक पिंपापाशी उभे. एक ग्लास धूत व्हते. धुतला, उलटा ठिवला, परत उचलला, परत धुतला. सदरा अंगाला चिकटलेला. उनाळ्यात घाम समद्यांनाच येतो, म्हनून त्याचं काई वाटलं न्हाई. पन तोंड पांढरं पडलं व्हतं. मी म्हनलं, "न्याहारी बी केली न्हाई?"

माज्याकडं बघून म्हनाले, "म्हशी सोडल्या का?"

आमच्याकडं म्हशी कुठल्या. म्हशी गावाकडं व्हत्या, माजं लगीन झालं तवा.

मिस्त्री गाडीखाली झोपून काम करत व्हता. त्यानं तितनंच ऐकलं आन् हसला. "काकू, काका आज मूडमध्ये हायेत. रसात काय टाकलं इचारा."

मालकांनी त्याला शिवी दिली. ती ऐकून तो गाडीखालनं बाहीर आला, कारन ह्ये कधी शिवी देत न्हाईत. तवर मालक उसाच्या मोळीवर बसले, आन् बसल्याजागी एका अंगाला कलंडले.

मानसं गोळा झाली. कुनी म्हनलं कांदा हुंगवा. कुनी पानी मारलं. एक बाई भाजीची पिशवी घिऊन चालली व्हती, ती थांबली आन् म्हनली, "शुगर हाय का ह्येंना? मंग तोंडात साखर घाला. आमच्या सासूला असंच व्हायचं." मला ते पटलं. पिंपातनं ग्लास भरून घेतला. मांडीवर डोकं घेतलं आन् आता व्हटाला लावनार तेवढ्यात दुसरा एक जन म्हनाला, "थांबा, काकू. आदी मोजा. जास्त झाली असंल तर मरतील." त्याच्या बोलन्यात बी खोट नव्हती. साखर कमी झाली तरी मानूस पडतो आन् जास्त झाली तरी पडतो, ह्ये आता समद्यांना म्हाईत झालंय.

पलीकडं मेडिकल हाय. मेडिकलवाला मशीन घिऊन पळत आला. मालकांचं बोट धरलं, आपल्या रुमालानं पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीननं आकडाच दाखवला न्हाई. इंग्रजी अक्षरं आली. तो म्हनाला, "काकू, मशीनला मोजता येईना एवढी वर गेलीय. रस पिलाय ह्येंनी, आन् थोडा न्हाई. आता थेंब बी देऊ नका."

मी ग्लास खाली ठिवला.

गर्दीतलं कुनी तरी म्हनलं, "शेवटी पिलाच म्हाताऱ्यानं." कोन म्हनलं ते मी बघितलं न्हाई.

मिस्त्रीनं गॅरेजात दुरुस्तीला आलेली कुनाची तरी व्हॅन काढली. मालकांना मागं आडवं घातलं, मी खाली बसले डोकं धरून. हायवेला लागल्यावर तो म्हनाला, "काकू, घाबरू नका, ब्रेकचं काम अजून ऱ्हायलंय. हळू घेतो." मी म्हनलं, "मंग हळू कशाला घेतोस, हॉर्न वाजव." त्यानं हॉर्न दाबला तो दवाखान्यापर्यंत सोडला न्हाई.

मधी त्यानं आरशातनं माज्याकडं बघितलं. "काका खरंच पिले का हो? मी तर शेजारी असतो दिवसभर. कधी दिसले नाय."

"तू गाडीखाली असतोस," मी म्हनलं.

"ते बी हाय."

दवाखाना मोठा. जिथं एकदम आलेल्या पेशंटला घेत्यात तितं घेतलं. डाक्टरीन एक पोरगी व्हती, आमच्या सुनेहून बी ल्हान. आवाज मऊ, पन हात लई चालत व्हते. सिस्टरनी स्पिरिटचा कापूस बोटाला लावला, टोचलं. त्यांच्या मशीननं आकडा दाखवला, तो बी लई मोठा. सिस्टर आकडा मोठ्यानं बोलली, तशी दुसरी सिस्टर वळून बघायला लागली.

डाक्टरीन मला म्हनली, "आजी, आजोबांनी आज काय खाल्लं-प्यायलं?"

मी म्हनलं, "डबा तसाच हाय. सुई घेतलीया सकाळी."

"सुई नक्की घेतली?"

"व्हय. मला तिकडं बघ म्हनले, म्हंजी घेतली."

तिला ते काई समजलं न्हाई. तेवढ्यात पोरगा आला. चाकणला कंपनीत असतो, फर्स्ट शिफ्टला व्हता. फोन गेल्यावर तसाच आला, कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात कार्ड. मिस्त्रीनं त्याला मशीनचं सांगितलं व्हतं. तो डाक्टरनीला म्हनाला, "मॅडम, उसाचा रस पिलेत. सांगून ऐकत नायत. गेली पाच-सहा वर्षं हेच चाललंय."

"किती प्यायले असतील?"

"ते कुठं सांगतात. चोरून पितात ते."

मी तितंच उभी व्हते. मला वाटलं बोलावं, पन काय बोलनार. दोन मशीनी एकच बोलत व्हत्या.

मंग त्यांनी कोपराच्या खळगीतनं, शिरेतनं रक्त काढलं. चार-पाच बारक्या नळ्या भरल्या. एकीचं बूच जांभळं, एकीचं पिवळं, एकीचं राखाडी. त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, मालकांच्या हाताला पट्टा बांधला, त्यावर पन तसंच लिव्हलं. सिस्टरनी मला नाव इचारून दोन्ही ताडून बघितलं. वॉर्डातला मामा नळ्या घिऊन वर लॅबला गेला. एका हाताला सलाईन लावलं. आन् सिस्टरनी एक मोठी सिरिंज भरून पंपावर बसवली, पन चालू केली न्हाई. ती इन्सुलिनची व्हती. साखर खाली आननारी. तीच दवा, जी ह्ये घरी घेत्यात, पन हितं शिरेतनं.

पोरगा म्हनाला, "चालू करा की मॅडम."

"रिपोर्ट येऊ दे."

"कसला रिपोर्ट? शुगर तर दिसतीय मशीनवर."

"पोटॅशियमचा. इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम खाली जातं. ते आधीच कमी असेल तर हृदय बंद पडू शकतं. ते बघितल्याशिवाय आम्ही शिरेतून इन्सुलिन चालू करत नाही."

"आन् तवर?"

"तोवर सलाईन चालू आहे."

पोरगा बाहीर गेला, परत आला. त्याला एका जागी उभं ऱ्हायला जमत न्हाई, ल्हानपनापासनं. म्हनाला, "आई, ह्यांच्या भरोशावर बसलो तर काय खरं नाय. दुसरीकडं हलवू. वल्लभनगरच्या दवाखान्यात नेऊ."

मिस्त्री म्हनाला, "भावा, त्या व्हॅनमधी परत नेतो म्हनलास तर मी येत नाय. येताना कसं आलो माझं मला माहीत."

"मस्करीची वेळ हाय का ही?"

"मी मस्करी नाय करत. ब्रेक नाय तिला."

पोरगा माज्याकडं वळला. "आई, तू बोल. तू बोललीस तर ऐकतील. म्हन, रिपोर्ट नको, सुई चालू करा. आमी लिहून देतो."

मी मालकांकडं बघत व्हते. ती पंपाची सिरिंज त्येंच्या उशाशी भरून तयार. मला त्यातलं काई समजत नव्हतं. ती पोरगी म्हनली थांबा, पोरगा म्हनला चालू करा. मी म्हनलं, "त्यांची रीत हाय तर थांबू."

"आन् काय झालं तर?"

"झालं तर झालं. तू बस."

तो बसला न्हाई. 

डाक्टरीन परत परत मालकांपाशी यायची. डोळ्याची पापनी उघडून बघायची, बॅटरी मारायची. हनुवटी धरून तोंड उघडलं, जीभ बघितली. मालकांच्या खालची चादर भिजली व्हती, सिस्टर ती बदलत व्हती. डाक्टरीन तिला म्हनली, "एवढी शुगर असली तर माणूस आतून सुकतो. जीभ कोरडी पडते. हे तर घामानं न्हालेत." सिस्टर म्हनली, "गर्मी आहे, मॅडम." डाक्टरनीनं वर फिरनाऱ्या पंख्याकडं बघितलं.

तेवढ्यात मालकांच्या हाताला झटका आला. मंग दुसऱ्या हाताला. मंग समदं अंग ताठ झालं, दात वाजले. सिस्टरनी त्येंना कुशीवर वळवून धरलं. पोरगा वरडला, "आता तरी चालू करा ती सुई. मरायची वाट बघताय का?"

मिस्त्रीनं त्याला मागनं कवळा घालून धरला. तो मिस्त्री अंगानं बारीक हाय, पन हातात जोर हाय, नटबोल्टचं काम. डाक्टरीन दुसरी एक सुई, झटका थांबवायची, देत व्हती, हात तिचे थांबले न्हाईत. पन मी तिचं तोंड बघितलं. ती पंपाकडं बघत व्हती. आता ती बी चालू करनार, असं मला वाटलं. तिनं सिस्टरला इचारलं, "लॅबला फोन केला?" सिस्टर म्हनली, "दोनदा केला."

तवाच फोन वाजला. ह्यांनी केलेला न्हाई, वरनं लॅबातनं आलेला. सिस्टरनी उचलला, कानाला लावला, आन् ऐकून परत बोलून दाखवलं, त्यांच्यात तसंच करत्यात, ऐकलेलं परत बोलायचं म्हंजी चूक व्हत न्हाई. पोटॅशियमचा आकडा बोलली. मंग साखरेचा आकडा बोलली आन् बोलता बोलता थांबली. "किती? परत सांगा."

तो आकडा मला बी समजला. मशीनवरचा आकडा शेकड्यात व्हता. ह्यो शेकड्यात नव्हता, पन्नासात बी नव्हता.

डाक्टरनीनं फोन तिच्या हातनं घेतला. "आमच्याकडं चारशेच्या वर दाखवतंय आणि तुम्ही हे सांगताय. सॅम्पल बदललं असेल." वरचा मानूस काय बोलला ते ऐकू आलं न्हाई. ती म्हनली, "परत लावलं? दोन्ही वेळा तेवढंच? नाव बघितलं?" आन् फोन ठिवला.

ती मालकांपाशी आली. म्हनली, "सिस्टर, बोटाचं परत घ्या." आन् स्वताच मालकांचा हात उचलला. तिच्या हातात रबरी मोजा व्हता. हात सोडायला गेली तर मोजा मालकांच्या तळव्याला चिकटून वढला गेला. तिनं परत लावून बघितला. परत चिकटला. मंग तळवा आपल्या डोळ्यापाशी नेला. बोटांच्या भेगांत काळं बसलेलं, चिपाडाची कुसळं अडकलेली.

"आजी, हे काम काय करतात?"

मी म्हनलं, "रसवंती हाय आमची."

"उसाच्या रसाची?"

"व्हय. सकाळपासनं त्यातच हात व्हता. लग्नाचा पिंप व्हता."

तिनं पोराकडं बघितलं. पोरगा म्हनाला, "मी सांगितलं ना, रस."

"तुम्ही प्यायले म्हणालात," ती म्हनली. "विकतात असं नाही म्हणालात."

ती मोठ्यानं बोलली न्हाई. सिस्टरला म्हनली, "पाणी आणा, साबण आणा. दुसरा हात. स्पिरिट नको." सिस्टरनी मालकांचं एक बोट साबनानं धुतलं, परत धुतलं, सुक्या कापडानं पुसलं. टोचलं. मशीननं आता लॅबनं सांगितला तसाच आकडा दाखवला, तेवढाच खाली.

बोटावर वाळलेला रस व्हता. रक्ताचा थेंब त्यावर आला की रसात मिसळायचा. मशीन रस मोजत व्हती. मेडिकलवाल्याची बी, ह्यांची बी. स्पिरिटच्या कापसानं चिकटा निघत न्हाई, ह्ये चरक धुनाऱ्या बाईला इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पन कोन इचारनार, आन् मला बी कुठं सुचलं. शिरेतलं रक्त आतनं आलं, त्याला हात लागला न्हाई.

मंग लई भराभर झालं. डाक्टरनीनं साखरेच्या पान्याची मोठी सिरिंज घेतली आन् सावकाश शिरेत सोडली. वरनं साखरेचीच बाटली लावली. दुसऱ्या सिस्टरनी उशाशी असलेली इन्सुलिनची सिरिंज पंपावरनं काढली आन् घिऊन गेली. ती कोपऱ्यातल्या डब्यात टाकीपर्यंत मी तिच्याकडं बघत ऱ्हायले.

पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. मिस्त्री त्याच्या शेजारी बसला. 

मालकांनी डोळे उघडले ते काई लगेच न्हाई. जरा येळ गेला. डोळे उघडले तरी बघत नव्हते, नुसते उघडे. डाक्टरीन नाव घिऊन हाका मारत व्हती. मला म्हनली, "आजी, तुम्ही मारा." आता मी त्येंचं नाव कसं घेनार. मी म्हनलं, "अहो, म्हशी सोडल्या." का म्हनलं ते मलाच म्हाईत न्हाई. त्येंनी मान माज्याकडं वळवली.

डाक्टरीन पोराला म्हनली, "सकाळी सुई घेतली, वर काही खाल्लं नाही आणि उन्हात उभे राहून काम केलं. म्हणून साखर तळाला गेली. यांनी एक ग्लास रस प्यायला असता तर तुम्ही इथं आला नसता."

पोरगा म्हनाला, "मी काय, मशीन बघून बोललो."

"मीही मशीन बघूनच बोलत होते," ती म्हनली. आन् दुसऱ्या पेशंटकडं गेली, तिकडं अपघाताचा एक पोरगा आनला व्हता.

मालकांना बरंच दिस तितं ठिवलं. मेंदूला लई येळ साखर मिळाली न्हाई, म्हनून काई गोष्टी माघारी येतील, काई येनार न्हाईत, असं डाक्टरनीनं सांगितलं. तिनं गोड करून सांगितलं न्हाई, त्ये बरं झालं. बोलनं आलं, पन सावकाश. एक शब्द पायजे असला की तोंडापाशी दुसराच यायचा. उजव्या हाताची मूठ पुरी आवळत न्हाई. चरकात ऊस घालताना बोटं सांभाळावी लागत्यात, त्ये आता ह्येंच्याच्यानं व्हनार न्हाई, ह्ये मला तितंच समजलं. पोराला समजायला येळ लागला.

मेडिकलवाला बघायला आला. सफरचंदं आनली. मान खाली घालून म्हनाला, "काकू, मी मशीननं दाखवलं तेच सांगितलं." मी म्हनलं, "तुमी धावत आला, दुसरं कोन आलं?" तो मंग बसला. जाताना म्हनाला, आता मी प्रत्येकाला हात धुवायला लावतो, लोक चिडतात. मी म्हनलं, चिडू द्या.

पन मोशीत एकदा गेलेली गोष्ट फिरून येत न्हाई. रस्त्यावर मानसं पांगली व्हती ती येवढंच घिऊन गेली की रसवाला म्हातारा चोरून रस पिला आन् पडला. पुढं लॅबात काय निघालं ते त्यांना कोन सांगायला जानार. सोसायटीच्या बायका मला भेटल्या की म्हनायच्या, "आता तरी पीत न्हाईत ना?" मी पयलं पयलं सांगत बसायची. बोटाला रस व्हता, शिरेतल्या रक्तात साखर नव्हती. त्यांना वाटायचं, म्हातारी नवऱ्याला झाकती. मंग मी सांगायचं सोडलं. नुसतं म्हनते, "न्हाई, पीत न्हाईत."

घरी आल्यावर मालक उंबऱ्यात बसायचे. येनारा-जानारा थांबायचा, समजवायचा. काका, आता जिभेला आवरा. काका, वय झालं. ह्ये मान हलवायचे. तो दिवस त्येंना आठवत न्हाई. सकाळी टेम्पो आला तितवर आठवतं, पुढं काईच न्हाई, डायरेक दवाखान्याचा पंखा.

एक दिस मला म्हनाले, सावकाश, शब्द हुडकत हुडकत, "मी पिलो असंल गं."

मी भाकरी थापत व्हते. म्हनलं, "कोन म्हनलं?"

"समदे म्हनत्यात. इतकी वर्सं न्हाई पिलो. त्या दिवशी पिलो असंल. तान लागली असंल."

"न्हाई पिला."

"तुला काय म्हाईत? तू नव्हतीस."

त्ये बी खरं व्हतं. मी नव्हते. मी हात पुसले, येऊन समोर बसले. म्हनलं, "मी नव्हते, पन तुमचं रक्त व्हतं. शिरेतनं काढलं. दोनदा मोजलं. त्यात साखर सापडंना म्हनून तर तुमी मरत व्हता. पिला असता तर त्यात निघाली असती."

"मशीननं तर सांगितलं म्हनं."

"मशीननं तुमचा हात मोजला. रस हाताला व्हता, पोटात नव्हता."

त्येंनी उजवा हात समोर धरला आन् बघत ऱ्हायले. पालथा केला, उलथा केला. मंग म्हनाले, "म्हंजी न्हाई पिलो."

"न्हाई."

"पोराला म्हाईत हाय?"

"हाय. तो तितंच व्हता."

पोरगा आतल्या खोलीत शिफ्टला जायची तयारी करत व्हता. त्याला ऐकू गेलं. तो बाहीर आला, उंबऱ्यात ह्येंच्या पायापाशी बसून बूट घालायला लागला. नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हनाला, "नाय पिला आण्णा. मी रिपोर्ट बघितलाय." आन् दुसरी नाडी बांधली.

 मालकांनी हात मांडीवर ठिवला आन् इचारलं, "मंग न्याहारी का न्हाई केली मी?"

 पिंप व्हता, गिऱ्हाईक व्हतं, उशीर झाला, आता खातो, मंग खातो, असंच काई तरी असंल. पोरानं माज्याकडं बघितलं. मी भाकरी तव्यावरनं काढली, ताट वाढलं, ह्येंच्यापुढं सरकवलं. त्येंची मूठ आवळत न्हाई, घास धरायला येळ लागतो. मी मधी हात घातला न्हाई. पोराची कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न मारत व्हती. ह्येंचा पयला घास तोंडात गेला तवा तो उठला आन् गेला.